सात मिनिटांत बसवलेली गोष्ट

आमच्या घरातून मेंढरं गेली आणि ऊस आला, त्या मधल्या काळात मी वाढले. सांगवीत नीरेच्या अंगाला आमचं रान होतं. कालव्याचं पाणी आल्यावर माझ्या वडिलांनी, म्हणजे दादांनी, कळप विकला, ऊस लावला आणि कारखान्याचे सभासद झाले. आजोबांनी त्या कळपातल्या पाच मेंढ्या तेवढ्या मागून ठेवल्या होत्या. आजोबांना आम्ही आबा म्हणायचो. दादा कधी कुरकुरले की आबा म्हणायचे, "पाच मेंढ्यांनी तुझं उसाचं रान खाऊन व्हायचं न्हाय. आन् माझ्या कानाला कायतरी आवाज नगं का?" घराच्या एका अंगाला ट्रॅक्टरची धडधड आणि दुसऱ्या अंगाला त्या मेंढ्यांच्या गळ्यातल्या घंटा, असे दोन आवाज घेऊन मी अभ्यास केला. स्वयंपाकघर म्हणजे पत्र्याचं छप्पर आणि एक चूल. सकाळी आई हुलग्याचं माडगं करायची. ते पातळ, गरम, लसणाच्या वासाचं माडगं वाटीनं तोंडाला लावून मी एसटी गाठायला पळायचे. आता पुण्यात सुनेनं आणलेल्या मिक्सरमध्ये हुलगे दळून मी ते करून बघते. चव तशी येत नाही, पण नात आवडीनं पिते, म्हणून करते.

आबा गाणारे होते. दर रविवारी सकाळी बिरोबाच्या देवळापुढं सात-आठ म्हातारे गोल करून बसायचे. एकजण कानावर हात ठेवून ओवीची ओळ म्हणायचा, बाकीचे ती उचलायचे, मध्ये ढोल वाजायचा. याला आमच्यात सुंबरान मांडणं म्हणतात. देवांची नावं घेऊन झाली की मग गोष्ट सुरू व्हायची, आणि ती उन्हं डोक्यावर येईपर्यंत चालायची. त्या बैठकीचे दोन नियम होते. गोष्ट सुरू करण्याआधी ती कुणाकडून घेतली त्याचं नाव घ्यायचं, हा एक. आणि एकदा मांडलेली गोष्ट अर्धी सोडून उठायचं नाही, हा दुसरा. कुणाचा बैल सुटला, कुणाच्या घरी पाहुणे आले, तरी गोष्ट तडीला न्यायची. आबांनी ज्यांची नावं घेतली ती माणसं मी कधी पाहिली नव्हती. कुणी कऱ्हाटीचा, कुणी माणदेशातला, कुणी वाटेत एका वाड्यावर भेटलेला आणि पुन्हा न दिसलेला. पण ती नावं मला पाठ होती, कारण दर रविवारी ती कानावर पडत.

मी नववीत होते तेव्हा आमच्या इंग्रजीच्या बाईंनी शाळेत एक सिनेमा आणला. शाळा बारामतीत. बाई तरुण होत्या, मुंबईहून नव्यानं आलेल्या, आणि आम्हाला इंग्रजी कानानं ऐकू यावं अशी त्यांची फार इच्छा होती. त्यांच्या भावाकडून त्यांनी व्हिडिओ कॅसेट मागवली आणि कुणाकडून तरी रंगीत टीव्ही टेम्पोत घालून आणला. हॉलच्या खिडक्यांना जाजमं लावून अंधार केला होता. भर दुपारी आम्ही दीडशे पोरं त्या अंधारात घामानं चिंब होऊन बसलो. हातानं काढलेल्या चित्रांचा सिनेमा होता, विलायतेतल्या कुठल्या जुन्या दंतकथेवरचा. एका दगडात तलवार रुतलेली असते, ती जो उपसेल तो राजा. मोठे मोठे सरदार येतात, जोर लावतात, घसरून पडतात. एक अनाथ मुलगा, त्याला शिकवणारा लांब दाढीचा म्हातारा, बोलणारी जनावरं. शब्द एकही कळत नव्हता. बाई मधूनमधून टेप थांबवून मराठीत सांगायच्या आणि पोरं ओरडायची, "बाई, लावा की पुढं." मी मात्र बाई सांगत तेही ऐकत होते आणि चित्रही बघत होते. दगडावर उजेड पडतो ते चित्र अजून डोळ्यांपुढं आहे. पण साडेचार वाजले आणि सांगवीच्या एसटीची वेळ झाली. बाहेरगावच्या आम्ही पाच मुली दप्तरं उचलून निघालो. मुलगा अजून दगडापाशी पोचलाही नव्हता.

घरी आले तेव्हा आबा अंगणात लोकरीचं सूत काढत बसले होते.

"आलीस व्हय बाय? काय दावलं शाळंत?"

मी सांगायला लागले. दगड, तलवार, सरदार. आबांचा हात चालत होता आणि कान माझ्याकडं होते.

"दगडात तलवार घातली कुणी?" त्यांनी विचारलं.

"ते न्हाय दावलं, आबा."

"मग पुढं? निघाली का?"

"पुढचं न्हाय बघितलं. यस्टी गेली आसती."

त्यांनी हात थांबवला. चुलीपुढून आई हसायला लागली. आबा तिला म्हणाले, "ऐकलंस का गं सूनबाय, पोरीनं आर्धी गोष्ट घरात आणली. आता हिला बाहीर ठिवू का घरात घिऊ?"

"घ्या आता आल्याली," आई म्हणाली. "उद्या शेवट आणील बाईंस्नी इचारून."

दुसऱ्या दिवशी मी बाईंना विचारलं. त्या वर्गावर निघाल्या होत्या. "अगं, तो तलवार काढतो आणि राजा होतो," एवढं बोलून त्या गेल्या. कॅसेट परत गेली होती. मी ते एक वाक्य घरी आणलं. आबांचं त्यानं समाधान झालं नाही. "राजा हुतो, म्हंजी? आन् मग?" असं ते दोन-तीन दिवस स्वतःशीच म्हणत राहिले. मेंढ्यांमागं जाताना ओठ हलताना दिसायचे. आई म्हणायची, "तुझ्या शाळंनं म्हाताऱ्याला येड लावलं."

महिन्याभरानं एका रविवारी आबांनी ती गोष्ट देवळापुढं मांडली. मी आईबरोबर माडग्याची कळशी घेऊन गेले होते, म्हणून ऐकायला मिळाली. देवांची नावं झाली. मग आबा म्हणाले, "ही गोष्ट माझ्या नातीनं, शालनीनं, बारामतीच्या शाळंतनं आणली." ढोल वाजवणारे नामातात्या वाजवायचे थांबून म्हणाले, "आता पोरींकडनं घ्यायला लागला व्हय? आमी मेलो हुतो का?" आबा म्हणाले, "तू दे की. तुझ्याकडं हाय काय, त्या ढोलाबिगर?" सगळे हसले. मी कळशीआड तोंड लपवलं. माझं नाव तिथं घेतलं गेलं, त्या सगळ्या गेलेल्या माणसांच्या नावांच्या रांगेत. तेव्हा मला त्याची नुसती लाज वाटली.

गोष्ट पार बदलली होती. आबांच्या गोष्टीत तो मुलगा मेंढका होता. दगडात तलवार त्याच्या बापानंच घातली होती, लढाईला कंटाळून, पुन्हा कुणाच्या हाती लागू नये म्हणून. सरदार येऊन गेले, तलवार हलली नाही. मग एके दिवशी त्या दगडाच्या फटीत एक कोकरू अडकलं. मुलानं राजा व्हायचं म्हणून तलवारीला हात लावलाच नव्हता. फट रुंद करायला त्याला काहीतरी हवं होतं, म्हणून त्यानं ती ओढली. कोकरू निघालं आणि मागं वळून बघतो तर सगळं गाव पालथं पडून त्याच्या पाया पडतंय. आणि त्यानंतर, जिथं बाईंचं वाक्य संपत होतं तिथून, आबांची खरी गोष्ट सुरू व्हायची. मुलाला पालखीत घालून नेतात, आणि नदीच्या काठावर त्याची मेंढरं उभी राहतात. त्या मेंढरांचं पुढं काय झालं, यावर आबा तासभर गायचे. पण तोवर आईचं काम आवरलेलं असायचं आणि आम्ही रिकामी कळशी घेऊन घरी निघालेल्या असायचो. वर्षभरात आबांनी ती गोष्ट चार-पाच वेळा गायली. शेवटचा भाग मी लांबून, चालता चालता, अर्ध्या कानानं ऐकला.

दहावीत गेल्यावर घरात माझ्या लग्नाचं बोलणं सुरू झालं. दादा वाईट नव्हते. त्यांना सही करायला आठवीपर्यंतची शाळा पुरली होती, मुलीला दहावी पुष्कळ झाली असं त्यांना मनापासून वाटायचं. बारामतीत रोज जाऊन-येऊन कॉलेज करायला त्यांनी साफ नकार दिला. वसतिगृहाचा खर्च तर विचारायचाच नव्हता. तेवढ्यात बाईंनी मला बोलावून सांगितलं, की इंदापूरला एक शिक्षण संस्था कथाकथनाची स्पर्धा घेते, आणि पहिल्या आलेल्या मुलीला त्यांच्या बारामतीच्या वसतिगृहात पदवी होईपर्यंत फुकट जागा देते. अट एकच होती, कथा स्वतःची हवी. आणि वेळ सात मिनिटं. मी बाईंना आबांची गोष्ट सांगितली. सिनेमा त्यांचाच, पण त्यांना तो ओळखू येईना. "हे तुला सुचलं?" त्यांनी विचारलं. मी नुसती हसले. त्या हसण्यापासूनच सगळं सुरू झालं असं मला आता वाटतं.

बाईंनी फार कष्ट घेतले. शाळा सुटल्यावर हातात घड्याळ धरून बसायच्या. गोष्ट पंधरा मिनिटांची होत होती. त्यांनी बापाचं लढाईला कंटाळणं काढलं, सरदार दोनच ठेवले, आणि मुलगा राजा होतो तिथं थांबवलं. मी म्हटलं, "बाई, मेंढरांचं राहिलं." त्या म्हणाल्या, "शालन, टाळ्या इथं पडतात. टाळ्या पडल्यावर बोलायचं नसतं." ते मी वहीत लिहून घेतलं आणि तेवढंच पाठ केलं. बाईंविषयी माझ्या मनात आजही कृतज्ञताच आहे. त्यांनी मला उभं राहायला शिकवलं, आवाज कुठं खाली आणायचा ते शिकवलं. पुढं तीस वर्षं मी शिकवून पोट भरलं ते त्याच शिदोरीवर.

स्पर्धेच्या दिवशी उसाला तोड आली होती. टोळी रानात, दादांना हलता येईना. माझ्याबरोबर आबा आले. पांढरा धुवट फेटा, खांद्यावर घोंगडं, आणि फडक्यात भाकरी नि शेंगदाण्याची चटणी. बारामतीला एसटी बदलली. इंदापूरपर्यंत त्यांनी मला एकदाही गोष्ट म्हणून दाखव असं म्हटलं नाही. एवढंच म्हणाले, "घाबरू नगं. समोर मेंढरं बसल्यात आसं समज. ती बी आशीच बघत्यात तोंडाकडं." स्पर्धा एका शाळेच्या हॉलमध्ये होती. पालकांना मागच्या बाकांवर बसवलं होतं. आबा अगदी दाराजवळ टेकले.

मी चांगली बोलले. खोटी नम्रता कशाला करू, हॉल माझ्याबरोबर होता. कोकरू अडकलं तिथं पुढच्या रांगेतल्या मुली पुढं सरकल्या. मुलगा राजा झाला आणि टाळ्या पडल्या, बाईंनी सांगितलं होतं तिथंच. परीक्षक निवृत्त हेडमास्तर होते, जाड चष्म्याचे, बोलायला मऊ. त्यांनी कागदावरून मान वर केली.

"फार छान. ही कथा तुझी?"

"हो सर, माझीच."

"ते कोकराचं कुठून सुचलं? घरात कुणी सांगणारं आहे का?"

मी मागच्या दाराकडं बघितलं नाही. बघितलं असतं तर कदाचित बोलले असते. डोळ्यांपुढं फक्त अट होती, आणि वसतिगृह, आणि दादा. मी म्हणाले, "नाही सर. घरात कुणी शिकलेलं नाही. मीच रचली."

पुढं मी स्वतः अशा स्पर्धांना परीक्षक म्हणून बसले आणि हाच प्रश्न मुलांना विचारला. मुलाला पकडण्यासाठी तो कुणी विचारत नाही. मूल म्हणालं, माझी आजी सांगते, तर उलट बरं वाटतं, आणि मांडणी त्याचीच धरून आपण गुण देतो. मी खरं बोलले असते तरी त्या गृहस्थांनी मला पहिलं बक्षीस दिलं असतं की नाही, ते मला माहीत नाही. द्यायची शक्यता होती, एवढं म्हणते. पंधरा वर्षांच्या मला ती शक्यता दिसली नाही.

पहिला नंबर माझा आला. एसटी स्टँडवर आबांनी भजी घेतली, कागदात गुंडाळलेली. आम्ही भाकरीबरोबर खाल्ली. आबा माझं प्रशस्तिपत्र हातात घेऊन उलटसुलट बघत होते.

"वाच बरं काय लिवलंय."

मी वाचलं. स्वरचित कथेसाठी प्रथम क्रमांक, आणि माझं पूर्ण नाव.

"शिक्का हाय?"

"हाय, आबा."

"सही?"

"ती बी हाय."

"मग बास," ते म्हणाले, आणि कागद घोंगड्याच्या घडीत जपून ठेवला, चुरगळू नये म्हणून. मला वाटलं, बाक लांब होता, त्यांना ऐकू आलं नसेल. घरापर्यंत मी तेच मनाशी घोकत आले.

त्यानंतरच्या रविवारी नामातात्यांनीच विषय काढला. "आज त्या तलवारीची होऊ द्या. नातीनं बक्षीस मारलंय म्हणं." आबा म्हणाले, "ती न्हाय आता मला म्हणायची. तिच्या नावावर झाली. शिक्का बसलाय."

"गोष्ट काय सातबारा हाय का, नाव लागायला?"

"नाव लागलं की लागलं. दुसऱ्यानं त्यात नांगर घालू ने."

म्हातारे हसले आणि दुसरी गोष्ट मांडली गेली. मी घरी आईला म्हटलं, "आबा माझ्यावर रुसल्यात." आई भाकरी थापत होती. ती म्हणाली, "रुसत्यात कशानं? त्येंनी मला सांगितलंय. हॉलात तू काय म्हणलीस ते समदं ऐकलंय त्येंनी. आता हितं गायलं, आन् कुणी इंदापुराला जाऊन बोललं, की ही गोष्ट म्हाताऱ्याची हाय, तर तुझी जागा काढून घेत्याल, आसं भ्या घेतलंय. मलाबी बोलू नगं म्हणल्यात. तूबी इचारू नगं."

मी विचारलं नाही. जूनमध्ये पत्र्याची ट्रंक घेऊन वसतिगृहात गेले. पाच वर्षं तिथं राहिले. सुट्टीत घरी यायचे तेव्हा आबा विचारायचे, "जागा पक्की हाय न्हवं?" मी म्हणायचे, "पक्की हाय." त्या पाच वर्षांत कधीही एका वाक्यात मी त्यांना सोडवू शकले असते. अधीक्षक बाईंना जाऊन सांगायचं, की ती गोष्ट माझ्या आजोबांची. त्या बाई काही मला हाकलून देणार नव्हत्या, हे मला दुसऱ्या वर्षापासूनच कळलं होतं. पण परीक्षा असायची, नाहीतर पावसाळ्यात रस्ता खराब असायचा, काही ना काही असायचं. खरं म्हणजे ती गोष्ट माझी म्हणूनच सगळे मला ओळखत होते. ते मला आवडत होतं.

बी.ए.चा निकाल लागला आणि मी पेढे घेऊन सांगवीला आले. दादांनी पेढा देवापुढं ठेवला आणि बराच वेळ तिथंच उभे राहिले. आबा आता मेंढ्या वळायला जात नव्हते. बाभळीखाली बाज टाकून बसलेले असत. नामातात्या आदल्या वर्षी गेले होते आणि रविवारची बैठक दोघा-तिघांवर आली होती. मी बाजेवर त्यांच्या पायाशी बसले.

"आबा, आता माझी जागा कुणी काढून घ्यायचं न्हाय. शिकून झालं. मी तवा इंदापुरात खोटं बोलले. ती गोष्ट तुमची हाय. आज म्हणा."

"कुठली?"

"तलवारीची."

त्यांनी कानावर हात ठेवला, जुन्या सवयीनं. ओठ हलले. गुडघ्यावर बोटांनी ठेका धरला, सोडला, पुन्हा धरला. देवांची नावं सगळी आली. माझं नाव आलं. त्यापुढं काही येईना.

"तू लाव बरं म्होरं," ते म्हणाले.

मी सांगितली. दगड, दोन सरदार, कोकरू, तलवार, पाया पडणारं गाव. सात मिनिटांची, वहीतली, शब्दाला शब्द. आबा मान हलवत होते, कुणी परक्या गावची गोष्ट सांगावी आणि आपण ऐकावी तसे. राजा झाला तिथं मी थांबले. ते वाट बघत होते.

"मग?"

"पुढचं मला न्हाय येत, आबा. पुढचं तुमच्यापाशी हाय. मेंढरं नदीच्या काठाला थांबत्यात, त्या म्होरचं."

त्यांनी डोळे मिटले. रानातल्या मोटारीचा आवाज येत होता, तेवढाच. पाच-सहा वर्षं तोंडात न आलेली गोष्ट म्हातारा माणूस कुठं शोधत होता, ते मला त्यांच्या कपाळावर दिसत होतं. मला त्यांना म्हणावंसं वाटलं, राहू द्या. शेवटी त्यांनी डोळे उघडले आणि माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. समजूत माझीच घालायची होती त्यांना.

"वळली आसतील बाय, कुणीतरी," ते म्हणाले.